मानोलच्या वचनांची पाठकोरी बाजू

२ जानेवारी

तो माझ्या मिरच्यांचा खिळा आहे! आईच्या काळापासून त्या खिळ्यावर लाल मिरच्यांची माळ असते. आज सूनबाईंनी ती उतरवून ताटलीत गुंडाळून ठेवली आणि तिथं माझ्या भावाला टांगलं. म्हणजे भावाचं कॅलेंडर. रोज एक पान फाडायचं तसलं. वर मोठा आकडा, खाली प्रोफेसर मानोल त्सोलोव यांचं एक वचन. धर्मावर, नीतीवर, शांततेवर. वर्षभर पुरतील इतकी वचनं! त्याला पंचाहत्तर झाली म्हणून नगरपालिकेनं छापली. निवडली कुणी? स्नेझानानं. माझी सून. ती वाचनालयात कामाला आहे. माझा मुलगा स्पेनमध्ये ट्रक चालवतो आणि ही इथं माझ्या भिंतीवर माझ्याविरुद्ध खिळे वापरते.

"सासूबाई, सख्खा भाऊ आहे तुमचा. साऱ्या गावानं लावलंय."

"गावाला लावू दे. गावाच्या आईला नाही त्यानं पुरलं."

कॅलेंडर मात्र तिथंच.

कालचं पान चूल पेटवायला घेतलं तर मागची बाजू कोरी. इतका जाड कागद आणि पाठकोरा! मी चार यत्ता शिकले, लिहायला येतं. नवरा गेल्यापासून माझं बोलणं पुरतं ऐकणारं कुणी नाही. स्नेझाना ऐकते, पण लगेच उत्तर देते. कागद उत्तर देत नाही. तर याच्या वचनांच्या पाठीवर मी लिहिणार. वाचायचं कुणी नाही. ईस्टरआधीचा मोठा उपास लागायच्या आदल्या रविवारी गावात जाळ पेटतो, त्यात सगळी पानं टाकीन.

कालचं वचन: 'धर्म ही आईची मांडी आहे. मोठा झालेला माणूस तिच्यावरून उतरतो, पण ऊब विसरत नाही.'

उतरला खरा. लाथ मारून उतरला.

६ जानेवारी

नदीवर गेले होते. पाद्री झाखारीनं पाण्यात क्रूस टाकला, बाप्ये बर्फात उड्या टाकून शोधत होते. नगराध्यक्ष सगळ्यांत पुढं, टोपी काढून. याचा बाप कम्युनिस्टांच्या राज्यात देवळाच्या दारात उभा राहून आत जाणाऱ्यांची नावं लिहून घ्यायचा. आता मुलगा क्रूसाचं चुंबन घेतो. घेऊ दे, गारठ्यानं ओठ चिकटले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी टीव्हीवर मानोल. हातात मेणबत्ती, अंगात चांगला कोट. बाई विचारतेय, प्रोफेसर, श्रद्धेशिवाय माणूस जगू शकतो का? हा मान हलवून हळूहळू बोलतो – श्रद्धा नसलेला माणूस म्हणजे छप्पर नसलेलं घर.

छप्पर! कौलं काढली कुणी?

स्नेझाना म्हणाली, "हा कार्यक्रम जुना आहे, परत दाखवतायत." म्हटलं, "शिळं असो की ताजं, पोटात दुखायचं ते दुखतंच."

८ जानेवारी

'नैतिकता सुरू होते ती "नाही" म्हणता येतं तिथून.'

आयुष्यात एकदाच 'नाही' म्हणाला. मला.

१३ जानेवारी

त्स्वेता शेजारीण खमीर मागायला आली आणि भिंतीसमोर उभी राहून डोळे पुसायला लागली. "पेने, किती सुंदर लिहितो गं तुझा भाऊ." वचन होतं, 'मरण शत्रू नाही, तो घरी परतण्याचा रस्ता आहे.' मी म्हटलं, "खमीर घे आणि तुझ्या घरी जाऊन रड. माझ्या स्वयंपाकघरात आधीच ओल आहे." गेली. माझ्या डोक्यात मात्र दिवसभर तेच. लिहूनच टाकते.

आईला जाऊन चव्वेचाळीस वर्षं होतात. शेवटच्या हिवाळ्यात तिला कळलं होतं. पेटीतून तिनंच सगळं काढून ठेवलं – टॉवेल, काळा रुमाल, एक जाड मेणबत्ती. मला म्हणाली, "पेने, मला गाऊन पाठवा. मुकं पाठवू नका." मयतावर पाद्री गातो, मग माती. न गाता माती टाकायची तर मग माणसात आणि बटाट्यात फरक काय?

मानोल तेव्हा राजधानीत, विद्यापीठात. पक्षात होता, पक्षाला पाद्री चालायचा नाही, आणि मोठी खुर्ची मिळायची होती. मोटारीतून आला, बरोबर दोन साहेब. मी तेव्हाच्या म्हाताऱ्या पाद्रीबाबांना गिरणीच्या मागं उभं करून ठेवलं होतं. म्हटलं, साहेब लोक घरात राकिया पीत बसतील तेवढ्यात उरकून घेऊ. मानोलला वास लागला. मला अंगणाच्या कोपऱ्यात घेतलं.

"ताई, त्यांना परत पाठव."

"आईनं मागितलंय."

"ताई, समजून घे."

एवढंच. मी हलले नाही. मग स्वतः गिरणीकडं गेला. पाद्रीबाबा खाली मान घालून ओढ्याच्या वाटेनं गेलेले मी पाहिले.

मग बँड वाजला. शवपेटीवर लाल कापड. आणि यानंच भाषण केलं – माणूस आपल्या कामातून जिवंत राहतो! आईचं काम म्हणजे शेळी, तंबाखूची पानं, आणि हा. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मयताला टाळ्या! तिची मेणबत्ती तेव्हा माझ्या खिशात होती. आता कपाटात आहे. पेटलेली नाही.

पान पुरलं नाही. उद्याचंही फाडलं. उद्या तो गप्प.

२० जानेवारी

स्नेझाना दोन दिवस गोड बोलत होती. माझ्या चहात न मागता मध. म्हटलं, काहीतरी शिजतंय. आज झाकण उघडलं.

चौकात दगडी पाणपोई बांधतायत. आईच्या नावानं. मेलेल्या माणसाच्या आत्म्यासाठी वाटेवर पाणी द्यायची रीत आहे, तेव्हा मी म्हटलं, बरं, पाणी वाईट नसतं. तर म्हणाली, वर नाव – द्रगाना त्सोलोवा. आणि खाली दगडात एक वचन.

"कुठलं?"

"चांगलं आहे. तुम्हाला आवडेल."

"वाच."

'मेलेल्यांना आपले शब्द नको असतात. आपलं मौन त्यांना पुरतं.'

मी परत वाचायला लावलं. परत तेच. मुकं पाठवू नका म्हणणारी बाई, आणि तिच्या नावाखाली हे? दगडात? म्हणजे माझ्या मागं जो कुणी घडा भरायला येईल तो म्हणेल, बघा, या बाईला काही नकोच होतं!

"हे कोरलं तर मी घण घेऊन जाईन."

"सासूबाई, तुम्हाला पाटीसुद्धा उचलत नाही."

"घण तू उचल. मी जागा दाखवीन."

हसली नाही. पुढचं सांगितलं. उद्घाटन उपासाआधीच्या रविवारी, म्हणजे माफीच्या रविवारी. त्या दिवशी धाकट्यानं थोरल्याच्या दारी जायचं, त्याचा हात ओठाला लावायचा आणि म्हणायचं, मला माफ कर. थोरल्यानं म्हणायचं, देव माफ करो. मग अंडी, पांढरा हलवा, जाळ. घरोघरी होतं. पण यांनी आमचं चौकात ठेवलंय! कार्यक्रमाचं नाव 'क्षमा आणि शांततेचा दिवस'. धाकटा मानोल, थोरली मी. तो हात ओठाला लावणार, मी म्हणायचं ते म्हणणार, फोटो निघणार. बँड वाजणार.

"परत बँड," मी म्हटलं.

"काय?"

"काही नाही. बटाटे सोल."

२१ जानेवारी

मी चौकात येणार नाही. लिहून ठेवते, म्हणजे उद्या कुणी गोड बोललं तर बघायला बरं.

२५ जानेवारी

पाद्री झाखारीकडं गेले. तरुण आहे, दाढी विंचरून ठेवतो. मला आजी म्हणतो, म्हणू दे. विचारलं, न गाता पुरलेल्याचं इतक्या वर्षांनी काही करता येतं का?

"येतं की. कबरीवरची मूठभर माती रुमालात बांधून आणायची. देवळात त्या मातीवर गायचं, माती परत कबरीवर टाकायची. त्या काळात पुष्कळांनी असंच केलंय, आजी. गुपचूप."

"मग करा."

"मागायला कुणीतरी घरचं हवं. तुम्ही मागताय?"

"मानोल मागेल."

"तुम्ही मागा ना. टेकडी काय लांब आहे? माती आत्ता आणता येईल."

"मी एकदा मागून झालं. ज्यानं परत पाठवलं त्यानं बोलवायचं."

पाद्रीनं दाढीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "म्हणजे देवळाचं दार गेली पंचवीस वर्षं उघडं आहे, आणि तुमची आई तुम्हा दोघांच्या मधे पडून आहे."

"पाद्रीबाबा, हे भांडण तुमच्या जन्माआधीचं आहे. त्यात पाय घालू नका, मोडेल."

उठून आले. दार आपटलं, पण देवळाची दारं जड असतात. नीट आपटत नाहीत.

२६ जानेवारी

त्याला काय कळतं? दोघांच्या मधे म्हणे.

३० जानेवारी

स्नेझानानं नंबर लावला आणि फोन माझ्या कानाला चिकटवला. भांडी घासत होते, हात ओले, ढकलता आला नाही. आधी त्याची मुलगी. "आत्या, बाबा आज बरे आहेत, देते." मग तो.

"कोण?"

"पेना."

"पेना!" असा खूश झाला की जणू काल एकत्र जेवलो. "पेना, शेळी व्यायली का गं?"

ठेवला मी फोन. शेळी आई गेली त्याच वर्षी विकली, त्याला ठाऊक आहे. प्रोफेसरांना खेडवळ बहिणीची थट्टा सुचली! इतक्या वर्षांनी तोंड उघडलं आणि त्यातून निघालं काय, शेळी.

स्नेझाना विचारत होती, काय म्हणाले, काय म्हणाले? मी म्हटलं, "उद्याचं वचन शेळीवर आहे. छापा."

तिनं माझ्याकडं फार वेळ पाहिलं. ताटली पुसत राहिली, आधीच पुसलेली.

५ फेब्रुवारी

'जो क्षमा मागतो तो उंच होतो.' हेच ११ जानेवारीला होतं! मी पान काढून दाखवलं. स्नेझाना म्हणाली, "त्यांनीच दोनदा दिलं. आम्ही कसं सांगणार त्यांना?"

"तोंडानं. मी सांगू?"

"नको."

आळशी झालाय. वचनं संपली. आणि दोनदा लिहिलं तरी हा मेला बुटकाच.

९ फेब्रुवारी

अट घातली. स्नेझानाला समोर बसवलं आणि एकेक सांगितलं. दगडावरचं ते वचन पुसायचं. उद्घाटनाआधी मानोलनं टेकडीवर यायचं, बरोबर पाद्री. त्यानं स्वतःच्या तोंडानं गाणं मागायचं, चारचौघांत, आणि का झालं नव्हतं तेही सांगायचं. मग चौकात काय हात ओठाला लावायचा तो लाव, दोन्ही लाव. नाहीतर माझा उंबरा ओलांडायचा नाही.

बिचारीनं सगळं फोनवर सांगितलं. मी दाराआड उभी होते. बराच वेळ नुसतं "हो... हो... समजतं मला." मग मला येऊन सांगितलं, त्याची मुलगी म्हणते, बाबांना गर्दीत काही विचारू नका, ते दमतात. ते कागदावरून तीन ओळी वाचतील. बाकीचं नको.

दमतात! चार घरं बांधावीत इतकं बोलला आयुष्यभर, आणि एक वाक्य मागितलं तर दमतात. टीव्हीवर दमत नाही. वर्षभराची वचनं देताना दमला नाही. माझी अट कागदावर नाही म्हणून दमतो.

"दगड?" मी विचारलं.

"कोरून झालाय, सासूबाई."

दुपारी जेवले नाही. तिनं दोनदा ताट वाढलं. कोंबड्यांना घातलं.

१४ फेब्रुवारी

आज पितरांचा शनिवार. टेकडीवर साऱ्या गावच्या बाया. उकडलेला गहू, वर साखर, भाकरी, वाइन. प्रत्येक जण दुसऱ्याच्या ओंजळीत घालतं, 'देव माफ करो' म्हणतं, म्हणजे तुमचं मेलेलं माणूस जेवतं. पाद्री कबरीकबरीवरून फिरत नावं वाचत होता. माझ्या नवऱ्याच्या कबरीवर गायला. पुढं आला, आईच्या कबरीपाशी थांबला. माझ्याकडं पाहिलं. वाट बघत होता.

मी गहू वाढत राहिले.

तो गेला पुढं. त्स्वेता म्हणाली, "अगं, आईचं राहिलं."

"राहिलंय, ठाऊक आहे."

"मग बोलव ना त्याला. तुला इतकं काय जड आहे?"

"त्स्वेता, तुझा गहू कच्चा राहिलाय."

उतरताना चौकातून आले. पाणपोईवर कापड टाकलंय. कोपरा उचलून पाहिला. अक्षरं सुंदर आहेत, मेली. आईचं नाव मोठं. तिला वाचता येत नव्हतं, नशीब तिचं.

एक लिहिते आणि मग या विषयावर लिहीत नाही. पाद्रीनं थांबून पाहिलं तेव्हा मी हो म्हटलं असतं तर आज झालं असतं. पण मग तो सुटला असता ना? राजधानीत बसून सुटला असता! मीच मागायचं, मीच करायचं, आणि वचनं त्याची. नाही. जमणार नाही.

१५ फेब्रुवारी

आज मांसाचा शेवटचा दिवस. कोंबडी चिवट.

१८ फेब्रुवारी

'शांततेला एकच दार असतं आणि ते आतून उघडतं.'

माझ्या पुढच्या दाराला आतून दोन कड्या आहेत. रविवारी दोन्ही लावणार.

२१ फेब्रुवारी

अंडी उकडली, हलवा आणला. सण सण आहे, त्यानं काय केलंय?

स्नेझाना सकाळपासून माझ्या मागंमागं. कोट काढून घासला, माझ्या काळ्या रुमालाला इस्त्री केली. मी म्हटलं, "कुणाचं लग्न आहे?" तर खाली बसली आणि म्हणाली, "सासूबाई, एक सांगायचं होतं. खरं तर आधीच सांगायला हवं होतं. मानोलमामा –"

"त्याच्याबद्दल काही सांगायचं नाही."

"पण ते आता –"

"मोठे झाले, ठाऊक आहे. भिंतीवर आहेत. स्नेझाना, वर्षभराची त्याची वचनं माझ्या घरात लटकतायत. त्यात तुझं आणखी एक नको."

उठून गेली. बाहेर जाऊन नाक शिंकरत होती. तिचा फार जीव त्याच्यावर. माझ्या घरात, माझी भाकरी खाऊन!

मी काय बोलणार ते ठरलंय. तो चौकातून माझ्या दारी आलाच, तर दार उघडायचं नाही. खिडकीतून बोलायचं. मानोल, आईच्या कबरीवर तुझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही आणि माझ्यासमोर तीन ओळी आणल्यास? जा, दगडाला वाचून दाखव. एवढंच. चूल सारवताना चार वेळा म्हणून पाहिलं. चांगलं बसलंय. याच्या कॅलेंडरात छापण्याजोगं.

२२ फेब्रुवारी, सकाळ

बर्फ वितळलाय, सगळीकडं चिखल. बँड लागला. एक मोटार गेली चौकाकडं, काळी. आत बघायला मी खिडकीत गेले नव्हते, पडदा सरळ करायला गेले होते.

स्नेझाना निघताना दारात थांबली. वयानं धाकटी ना, माझा हात घेतला, ओठाला लावला. "माफ करा, सासूबाई." मी म्हटलं, "देव माफ करो. मिरच्यांचं सोडून." तिला हसू आलं आणि रडूही. गेली.

दोन्ही कड्या लावल्या.

२२ फेब्रुवारी, संध्याकाळ

तो पुढच्या दारानं आलाच नाही. अंगणातून आला, मागच्या दारानं, जिथून आम्ही लहानपणी शेळीला घेऊन यायचो. त्या दाराला कडी कधीच नव्हती. भाषण सुरू असताना चौकातून उठून चालत आला होता. डोक्यावर टोपी नाही, बुटांना चिखल, मागून स्नेझाना धावत. सरळ माझ्याकडं आला, हात ओठाला लावला.

"आई, मला माफ कर. पाद्री गिरणीमागं उभे होते. मीच त्यांना परत पाठवलं. मला भीती वाटली."

माझं ठरवलेलं बोलणं कुठल्या कुठं गेलं. मग कानाशी येऊन हळूच म्हणाला, "पेनाला सांगू नकोस हं. ती ओरडेल."

स्नेझाना दारात तोंडावर हात धरून. तिला ठाऊक होतं, त्याला आठवेनासं झालंय ते. गेल्या वर्षापासून सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यानं भिंतीकडं पाहिलं. "मिरच्या कुठं गेल्या?" मी कॅलेंडर उतरवलं, माळ टांगली. आता अंडं खात बसलाय, सालं खिशात भरतोय. पानं जाळात टाकायची राहिली.

मी त्याला काही बोलले नाही. माफी माझ्याकडं मागितलीच नाही.

उद्या सकाळी टेकडीवर. स्नेझानानं मोटार आणायची, कॅमेरा नाही. कपाटातली मेणबत्ती मी घेते. पाद्री म्हणेल, उपासाचा पहिला आठवडा, या दिवसांत मयताचं काही करत नाहीत. त्याला सांगायचं, मयत चव्वेचाळीस वर्षं थांबलंय. माती मानोलनं उचलायची. गाणं मी मागते. आणि तिथं त्यानं परत आईची माफी मागितली, तर स्नेझाना, तू गप्प, पाद्री गप्प, मीही गप्प. मागितलीय तिच्याकडं. उत्तर तिनंच द्यायचं.